टेबलानं काढलेला तलाव

९ जानेवारी

पोहण्याचा तलाव पाडणार आहेत. ही बातमी तोवेनं मला अंगातला कोटसुद्धा काढू न देता दिली. तोवे आमच्या वास्तुरचनाकारांच्या ऑफिसचा कारभार पाहते. मी शाळेत होतो तेव्हापासून पाहते, त्यामुळे मी मालक झालो ही गोष्ट तिनं अजून फारशी मनावर घेतलेली नाही.

"वाचलंस का? नगरपालिकेला घसरगुंड्या हव्यात," ती म्हणाली आणि वर्तमानपत्र माझ्या छातीवर आपटलं.

छताला ओल आली आहे, फरशा निखळतात, तो पाडून तिथे घसरगुंड्यांचा, कारंज्यांचा नवा जलविहार बांधायचा असा बेत आहे. ओल काढता येते. फरशा बसवता येतात. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण मला कोण विचारतो? आमच्या ऑफिसनं बांधलेली वास्तू आहे, एवढं तरी कोणाला आठवायला हवं होतं.

ही वही मी ऑफिसच्या साठीचा इतिहास लिहायला आणली होती. 'कॉबरूप आणि स्टेनबेक'. कॉबरूप म्हणजे माझे बाबा, आस्गर. ते जाऊन बरीच वर्षं झाली. स्टेनबेक म्हणजे एब्बा. ती आहे, नव्वदीला टेकली आहे, ऑफिसच्या वरच्या मजल्यावर राहते आणि दुपारी आमच्याबरोबर जेवायला खाली येते. इतिहासाचं एक पानही लिहून झालं नाही आणि त्यातली सगळ्यात सुंदर वास्तू चालली.

एब्बा त्या तलावात रोज सकाळी पोहते. तिला कोण सांगणार, असं मी तोवेला विचारलं.

"तू. मालक ना तू?"

१० जानेवारी

सांगितलं. एब्बा नुकतीच पोहून आली होती, केस ओलेच होते. जमिनीवर तिला चाकांचा वॉकर लागतो, कंबरेचं हाड दगा देतं, पण पाण्यात तिला कशाचीच गरज लागत नाही.

"कधी?" तिनं विचारलं.

"उन्हाळ्यात."

"बरं. पाव जरा पातळ काप रे, त्रोएल्स. हा दरवाजा अडवायला ठेवायचा आहे का?"

इतक्या शांतपणे घेतलं तिनं. मी रात्रभर उगाच जीव टांगणीला लावून घेतला होता. नंतर तिनं तो पातळ कापलेला पाव आणि हेरिंग मासा तसाच ताटात ठेवला. सकाळी पोटभर खाल्लं असावं.

१७ जानेवारी

वारसा समितीकडे अर्ज करायचं ठरवलं. समितीनं वास्तू संरक्षित ठरवली तर नगरपालिकेला हात लावता येणार नाही. हाच एक मार्ग उरला आहे.

अर्जात मी पश्चिमेच्या भिंतीबद्दल लिहिलं. तिथे काचेची एक लांब पट्टी आहे, पाण्याच्या पातळीला अगदी लागून. काठावर उभं राहून पाहिलं तर गुडघ्याएवढ्या उंचीची विचित्र खिडकी दिसते. फोटो काढणारे तिला नेहमी फोटोतून वगळतात. पण पाण्यात उतरून हनुवटीपर्यंत बुडालं की आतलं पाणी आणि बाहेरच्या खाडीचं पाणी एक होतं. आपण सरळ खाडीत पोहत निघालोय असं वाटतं. तलाव उघडला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्या दिवशी मी हे पाहिलं आणि मोठेपणी काय व्हायचं ते मला कळलं. बाबांच्या प्रतिभेची ही परमावधी आहे असं मी लिहिलं.

तोवेनं टंकून देताना वाचलं.

"आस्गरच्या प्रतिभेची? जो आयुष्यात घोट्याच्या वर पाण्यात गेला नाही त्या आस्गरच्या?"

"मोठ्या कलावंताला सगळं स्वतः करून पाहावं लागत नाही. त्याची कल्पनाशक्ती असते."

"असेल बाबा. मग एब्बा रोज पहाटे तिथे कशाला जाते? कल्पना करायला?"

मला हसू आलं. टोमणा मारल्याशिवाय तोवेला कॉफी पचत नाही.

४ फेब्रुवारी

समितीच्या व्हिबेकेबाईंचा फोन आला. भल्या बाई आहेत, तळमळीनं बोलतात. म्हणाल्या, "तुमच्या वडिलांच्या तीन वास्तू आम्ही आधीच संरक्षित केल्या आहेत. त्याच हातची चौथी समितीसमोर नेली तर लोक नको म्हणतील. पण एब्बा स्टेनबेक यांची एकही नाही. त्यांनी स्वतंत्रपणे केलेलं काम असेल तर गोष्ट वेगळी. तो तलाव कोणी काढला, म्हणजे नकाशा कोणाचा?"

मी लहानपणापासून जे उत्तर ऐकत आलो तेच दिलं. "टेबलानं."

त्यांना समजावून सांगावं लागलं. आमच्या ऑफिसात पहिल्या दिवसापासून एकच लांब टेबल आहे. सगळे तिथेच नकाशे काढतात, तिथेच जेवतात. नकाशावर ऑफिसचा शिक्का मारायचा, कोणाचं नाव घालायचं नाही. बाहेरच्यानं विचारलं, हे कोणी काढलं, तर सांगायचं, टेबलानं काढलं. खुर्ची असो, दिवा असो, शाळा असो. बाबा तर बक्षीस घेतानाही हेच म्हणायचे आणि सभागृह टाळ्यांनी दणाणायचं.

व्हिबेकेबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "फार सुंदर आहे हो. पण टेबलाला संरक्षण कसं द्यायचं?"

६ फेब्रुवारी

"सांगून टाक की एब्बाचा आहे म्हणून," तोवे म्हणाली.

"खोटं सांगू?"

तिनं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "खोटं काय त्यात?"

"तुला माहीत आहे का?"

"मी तेव्हा इथे नव्हते. मला एवढंच माहीत आहे की बक्षिसं टेबलाच्या नावानं यायची आणि घ्यायला आस्गर जायचा. तू विचार ना तिला. वरच्या मजल्यावर राहते ती, चंद्रावर नाही."

नाही विचारलं. आमच्याकडे हे विचारणं म्हणजे घरात सगळ्यात जास्त भांडी कोणी घासली याचा हिशेब मागण्यासारखं आहे. एब्बाला काय वाटेल? आणि समजा, नुसतं समजा, ती हो म्हणाली, तर बाबांचं काय उरतं? दोन शाळा आणि एक टाउन हॉल. चांगली कामं आहेत, पण त्यांच्यासाठी कोणी दुरून येत नाही. अर्थात मी न विचारण्याचं कारण हे नाही. सहज मनात आलं म्हणून लिहिलं.

बाबांच्या नावाच्या जागी 'ऑफिसचं सामूहिक काम' असं लिहून अर्ज पुन्हा पाठवला. निदान ते खरं आहे.

२५ फेब्रुवारी

नगरसेवकांना भेटतो आहे. सगळे कॉफी देतात, सगळे ऐकून घेतात, सगळ्यांना वाईट वाटतं. या गावात वाईट वाटून घ्यायला कोणाचीच ना नसते. एकानं तर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की तो तिथेच पोहायला शिकला, पोहण्याआधी साबण न लावता आंघोळ केली म्हणून तिथल्या बाईनं त्याला नागडाच परत न्हाणीघरात हाकलला होता. मग जाता जाता म्हणाला, "पण घसरगुंड्याही मुलांना आवडतातच ना." भिंतीवर डोकं आपटलं तर निदान आवाज तरी होतो. इथे तोही होत नाही.

सणाचे मलईचे बन आणले होते. मी तीन खाल्ले. हताश झालो की मी खातो.

३ मार्च

एब्बाचा नव्वदावा वाढदिवस. टेबलावर कागदी झेंडे लावले, केकवरही खोचले, झेंड्याशिवाय वाढदिवस म्हणजे नुसताच केक. गाणं म्हटलं. एब्बानं सगळ्यांचे आभार मानले आणि बशी बाजूला सारून म्हणाली, "समितीच्या एकोणीस तारखेच्या सुनावणीत मी बोलणार आहे. तुला चालेल ना, त्रोएल्स?"

"अगं, मला का नाही चालणार?"

"काय बोलणार ते विचारलं नाहीस."

"तू योग्य तेच बोलशील."

तिनं केकवरचा एक झेंडा उपटून बोटांत फिरवत ठेवला. "नावं न घालण्याचा नियम माझाच होता, माहीत आहे ना? आस्गरला तेव्हा पटला नव्हता. मला वाटायचं, नावं पुसली की सगळे सारखे होतील."

"मग झालेच की," मी म्हणालो.

तोवेला जोराचा ठसका लागला. केक कोरडा झाला होता, पुढच्या वेळी दुसऱ्या बेकरीतून आणायला हवा.

११ मार्च

एब्बा वर खोलीत मोठ्यानं काहीतरी घोकते आहे. जिन्यात ऐकू येतं, शब्द कळत नाहीत. आयुष्यभर चार लोकांत बोलली नाही, आता या वयात तिला ही कसरत करावी लागते आहे याचं मला फार वाईट वाटतं. मदत करू का विचारलं तर म्हणाली, "करशील. तिथे माझ्या शेजारी बस."

१९ मार्च

सुनावणी झाली. जसं घडलं तसं लिहितो.

वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. आधी कॉफी, मग केक, मग भांडण, हा आमच्याकडचा क्रम. नगरपालिकेच्या माणसानं ओलीचे फोटो दाखवले, घसरगुंड्यांची चित्रं दाखवली. मी छताच्या दुरुस्तीबद्दल बोललो. बरं बोललो असं वाटतं. लोक माना डोलावत होते, पण माना ते नगरपालिकेच्या माणसासाठीही डोलावत होते.

मग एब्बा उठली. वॉकर धरून उभी राहिली. तिनं निळा सदरा घातला होता, जो मी पूर्वी पाहिला नव्हता. आवाज बारीक होता पण थरथरत नव्हता.

ती म्हणाली, "मी एब्बा स्टेनबेक. हा तलाव मी काढला. टेबलानं नाही. आस्गरनंही नाही. आस्गरला पाण्याची भीती वाटायची. मी एकटीनं काढला, पहिल्या रेघेपासून."

आमच्या गावात उभं राहून कोणी असं 'मी', 'मी' म्हणत नाही. लोक आपापल्या कपांत बघायला लागले. माझ्या मागे कोणीतरी हळूच म्हणालं, "बिचारी." माझ्या मनात एकच आलं, तलाव वाचवण्यासाठी ही इतकी घायकुतीला आली आहे की आयुष्यभर पाळलेलं तत्त्व मोडते आहे. उद्या सगळे हिला खोटारडी म्हणतील, नाहीतर म्हातारपणी भ्रमिष्ट झाली म्हणतील. तिला त्यातून सोडवायला हवं होतं.

व्हिबेकेबाई व्यासपीठावरून माझ्याकडे वळल्या. "त्रोएल्स कॉबरूप, तुम्ही आज ऑफिसचे प्रमुख आहात. हे असंच आहे का?"

मी उभा राहिलो. एब्बाच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "आमच्या ऑफिसात एकट्यानं कधीच कोणी काही काढलं नाही. एब्बानंच मला हे शिकवलं. तलाव सगळ्यांचा होता, म्हणूनच तो इतका चांगला झाला."

टाळ्या पडल्या. संध्याकाळभरात फक्त तेवढ्याच पडल्या. व्हिबेकेबाईंनी मात्र पेन खाली ठेवलं. एब्बाला काही जोडायचं आहे का असं त्यांनी विचारलं. एब्बानं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे असंच सांगायची पद्धत आहे."

परत येताना गाडीत तोवे मागे बसली होती. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. एब्बा मात्र शांत होती. घर आल्यावर मी दार उघडून तिचा हात धरला तेव्हा ती म्हणाली, "आज अगदी आस्गरसारखा बोललास."

इतक्या वर्षांत मला हे कोणी म्हटलं नव्हतं.

२१ मार्च

तोवे अजून बोलत नाही. कॉफी करते आणि माझा कप सोडून सगळ्यांचे भरते. काय बिनसलं आहे ते सांगत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "टेबलाला विचार."

९ एप्रिल

समितीनं अर्ज फेटाळला. कारण अपेक्षित होतं तेच, कॉबरूप यांच्या परंपरेतलं काम पुरेसं संरक्षित आहे.

मी व्हिबेकेबाईंना फोन केला. गयावया केली म्हटलं तरी चालेल. त्या म्हणाल्या, "त्या संध्याकाळी मी समितीतल्या चौघांना वळवून आणलं होतं. मला फक्त तुमचं एक 'हो' हवं होतं."

"पण मी खोटं कसं सांगणार होतो?"

"ते खोटं होतं असं तुम्हाला नक्की माहीत आहे का?"

मी म्हणालो की आमच्या ऑफिसची पद्धत मला चांगली माहीत आहे. त्या म्हणाल्या, "पद्धतीबद्दल मी विचारलं नव्हतं." आणि निर्णय नोंदला गेला आहे, आता त्यांच्या हातात काही नाही असं सांगून त्यांनी फोन ठेवला. कोणाच्याच हातात काही नसतं. मग हे सगळं होतं तरी कसं?

२ मे

वर्तमानपत्रात काल मथळा होता, 'आस्गर कॉबरूप यांचा तलाव इतिहासजमा'. सोबत बाबांचा पाइप तोंडात धरलेला फोटो. मला ते बरोबर वाटलं नाही. मी संपादकांना फोन करून सांगितलं की एकट्या बाबांचं नाव घालू नका, तलाव टेबलानं काढला होता. आज त्यांनी छापलं, 'वडिलांइतकाच नम्र मुलगा'. मी काय करू? मी काहीही म्हटलं तरी ते बाबांच्याच खात्यात जमा होतं.

एब्बानं दोन्ही अंक वाचले आणि घडी घालून बटाट्यांच्या सालींसाठी ठेवून दिले.

२९ मे

तलावाचा शेवटचा दिवस. एब्बाला सोडायला गेलो. ती म्हणाली, "येतोस पाण्यात?" पण मला साडेनऊला ग्राहकाला भेटायचं होतं. काठावर उभा राहून पाहिलं. जमिनीवर चार पावलांना दम लागणारी बाई पाण्यात शिरली आणि सरळ त्या काचेकडे पोहत गेली. तिथे पोचल्यावर बराच वेळ तशीच तरंगत राहिली, डोकं तेवढं दिसत होतं. मला वाटलं, तिला काही झालं की काय. हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही.

१२ जून

एब्बा आता दिवसभर बसून असते. शेजारच्या गावातल्या तलावावर नेतो म्हटलं, तर म्हणाली तिथे पायऱ्या उंच आहेत. पायऱ्यांना कठडा बसवायला सांगतो म्हटलं, तर म्हणाली, "कशाला रे त्रास." डॉक्टर म्हणतात, पोहणं सुटलं की कंबर धरणारच. दोन आठवड्यांत ती एवढी आक्रसली आहे की वरून खाली यायला माझा आणि तोवेचा, दोघांचाही आधार लागतो.

मला काही सुचत नाही. मी सगळं नीट केलं. अर्ज केला, भेटलो, बोललो, खरं तेच बोललो. तरी रोज सकाळी तिच्या खोलीतून पावलांचा आवाज येत नाही तेव्हा मी जिन्याखाली जाऊन उभा राहतो.

१८ जून

मंगळवारी तलाव पाडायला घेतला. आवाज ऑफिसपर्यंत येतो. मी खिडक्या लावून घेतल्या, उकडलं तरी चालेल म्हटलं.

दुपारी तोवे बाजारात गेली होती. एब्बा टेबलाशी बसून नवे बटाटे खरवडत होती. मी समोर बसलो. आवाज चालूच होता. मला कळायच्या आत मी विचारून गेलो.

"एब्बा, त्या दिवशी तू म्हणालीस ते खरं होतं?"

तिनं हातातला बटाटा पुरा खरवडला, पाण्यात टाकला.

"आता विचारतोस?"

"हो."

"त्या बाईंनी तुला विचारलं. तुला मला विचारता आलं असतं. मी तुझ्या शेजारीच होते, त्रोएल्स. तुझा हात माझ्या खांद्यावर होता."

मी साली कागदावर गोळा केल्या. म्हटलं, "मग आता सांग मला."

"तुला सांगून आता काय होणार?"

ती रागानं बोलली नव्हती. उत्तराची वाट पाहत ती माझ्याकडे बघत राहिली, मला खरंच काही सुचेल असं तिला वाटत असावं. मग तिनं दुसरा बटाटा घेतला.